खांद्यातला नांगर



नांगर हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. शेतात तो जमीन उकरतो आणि खाडीत तो गलबताला जागच्या जागी धरून ठेवतो. एकाचं काम हलवायचं, दुसऱ्याचं हलू द्यायचं नाही. मी पनवेलचा. गाढी नदी जिथं खाडीला मिळते तिथं एके काळी आमचं बंदर होतं. त्यामुळे नांगर म्हटलं की आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना बैल आठवत नाहीत, चिखलात रुतलेला लोखंडी आकडा आठवतो. आज मी बोलणार आहे तो तिसऱ्याच नांगराबद्दल. हा माणसाच्या खांद्याच्या हाडात बसवतात. आकार शेंगदाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान. डॉक्टर मंडळी त्याला अँकर म्हणतात.

कविता लिहिणाऱ्या बी. ए. माणसाचा याच्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध असा की, गेल्या वर्षी आमच्या घरात एक कागद आला. त्यावर तीन रकमा लिहिल्या होत्या, आणि दोन दिवसांत त्यांतली एक निवडायची होती.

माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही सगळे भाय म्हणतो, रंगारी आहेत. वय एकसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांची छतं रंगवली. छत रंगवणं म्हणजे दिवसाचे सहा-सात तास हात डोक्याच्या वर. पनवेल वाढत गेलं, इमारतींवर इमारती चढल्या आणि भायचा उजवा हात वरच राहिला. आधी रात्रीचं दुखणं सुरू झालं; त्या कुशीवर झोपता येईना. मग एक दिवस हात खांद्याच्या वर जाईचना. नमाजच्या सुरुवातीला दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे असतात. भायचा डावा हात जायचा आणि उजवा छातीशी थबकायचा. आमच्याकडे जनाजा निघाला की प्रत्येक जण काही पावलं खांदा देतो आणि जागा मागच्याला देतो. गेल्या पावसाळ्यात शेजारी वारले, तेव्हा भाय रस्त्याच्या कडेनं नुसतेच चालत राहिले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

आता थोडं शरीराबद्दल. खांदा हा आपल्या शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. मोकळा म्हणूनच नाजूक. लहानशा बशीवर मोठं लिंबू ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं डोकं तिथं टेकलेलं असतं. ते घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून असतात, आणि प्रत्येक स्नायूच्या टोकाला एक पांढरी, चिवट पट्टी असते, ती हाडाला चिकटलेली. मटणाच्या दुकानात ती तुम्ही पाहिली असेल. कितीही शिजवा, दाताला दाद देत नाही. पुस्तकी मराठीत तिला कंडरा म्हणतात. घरात आपण सरसकट 'शीर' म्हणून मोकळे होतो. या चार पट्ट्या मिळून जे आवरण होतं ते रोटेटर कफ. त्यातली वरची पट्टी सर्वांत जास्त झिजते आणि फाटते. पूर्ण फाटली की ती हाडापासून सुटून मागे सरकते. मागे सरकलेली पट्टी आपण होऊन परत येऊन चिकटत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण पुष्कळांचा इथं घोटाळा होतो. खांदा आखडणं आणि कंडरा फाटणं या वेगळ्या गोष्टी. आखडलेला खांदा दुसऱ्यानं उचलला तरी उचलत नाही. मधुमेहवाल्यांना हा त्रास जास्त. फाटलेल्या खांद्यात रुग्णाला स्वतःहून हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्यानं धरून नेला तर बहुधा जातो. भायचा जात होता. भाभीनं हात धरून वर केला आणि सोडला, तर तो पाणी ओढलेल्या रहाटासारखा खाली आला.

या फाटण्याकडे नीट लक्ष दिलं ते बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदानं. 1911 साली त्यानं यावर निबंध लिहिला, आणि त्याआधीच फाटलेली कंडरा शिवून दाखवली होती. हा कॉडमन मोठा हट्टी माणूस. प्रत्येक रुग्णाला वर्षानं परत बोलवावं, ऑपरेशनचा खरा निकाल काय लागला ते लिहून ठेवावं आणि इस्पितळांनी ते जाहीर करावं, असं तो म्हणे. सहकाऱ्यांना हे काही रुचलं नाही. शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न विचारला की काही चेहरे गंभीर होतात, हा माझा स्वतःचा अनुभव!

शिवायचं म्हणजे काय करायचं? कापड कापडाला शिवता येतं. कापड भिंतीला कसं शिवणार? जुनी पद्धत अशी, की खांदा उघडायचा, हाडात आरपार बोगदे पाडायचे, त्यातून दोरा ओवायचा आणि कंडरा हाडावर ओढून गाठ मारायची. ही पद्धत आजही वाईट नाही. पण 1985 च्या सुमारास अमेरिकेत बारीक धातूचे अँकर आले. भिंतीत रॉलप्लग ठोकून त्यात स्क्रू बसवतो ना, त्याच जातीची कल्पना. अँकर हाडात, त्याच्या कानातून ओवलेले दोरे बाहेर, आणि त्या दोऱ्यांनी कंडरा खाली बांधायची. दुर्बिणीतून, दोन-चार छोट्या छिद्रांतून हे काम करता येऊ लागलं ते या अँकरमुळेच.

आता तो तीन रकमांचा कागद. पहिली रक्कम धातूच्या अँकरची, सर्वांत कमी. दुसरी विरघळणाऱ्या अँकरची. तिसरी नुसत्या दोऱ्याच्या अँकरची, सर्वांत जास्त. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात जो फरक होता तेवढ्यात आमच्या घराचा दोन महिन्यांचा किराणा येतो. कागद देणाऱ्या बाईंनी तिसऱ्या आकड्यावर पेननं गोल केला होता आणि 'लेटेस्ट' असं म्हटलं होतं. लेटेस्ट हा शब्द ऐकला की आमच्या घरातली तरुण मंडळी हळवी होतात. पुतण्या म्हणाला, "चाचा, कर्ज काढू." मी म्हटलं, आधी विचारू.

विचारलं, वाचलं, त्यातून जे समजलं ते सांगतो.

धातूचा अँकर आज बहुतेक टायटॅनियमचा असतो. पाच-साडेपाच मिलिमीटर जाडीचा, स्क्रूसारखे आटे असलेला. पकड उत्तम. एक्स-रेत लख्ख दिसतो, म्हणजे हलला-सरकला तर लगेच कळतं. गंजत नाही. त्याचे तोटे दोन-तीन. पुढे एमआरआय काढायची वेळ आली तर त्याच्याभोवती काळा डाग उमटतो आणि नेमकी हवी तीच जागा झाकली जाते. (एमआरआयच्या चुंबकानं तो ओढला जातो ही भीती मात्र निराधार.) क्वचित तो ढिला होऊन वर आला तर सांध्याची गुळगुळीत कूर्चा खरवडतो. आणि पुन्हा ऑपरेशन करायचं झालं तर हा पाहुणा जागा अडवून बसलेला असतो.

म्हणून विरघळणारे अँकर निघाले. कल्पना फार सुंदर: काम होईपर्यंत थांबायचं आणि मग निघून जायचं. कवीला ती आवडणारच. पण शरीर कवितेच्या हिशेबानं चालत नाही. सुरुवातीचे काही पदार्थ फार लवकर विरघळले आणि आजूबाजूला दाह करून गेले. नंतरचे इतके चेंगट निघाले की वर्षानुवर्षं तसेच राहिले. काहींच्या जागी हाड भरून येण्याऐवजी पोकळी झाली. मग त्यात कॅल्शियमचे क्षार मिसळले, म्हणजे अँकर विरघळताना त्या जागी हाड यावं. त्यांना बायोकॉम्पोझिट म्हणतात. ते आधीच्यांपेक्षा बरे वागतात. तरी प्रत्येकाच्या हाडात जागा पूर्ण भरून येतेच असं नाही. आणखी एक, बसवताना धातूच्या मानानं हे ठिसूळ. हाड कडक असलं तर ठोकताना तुटूही शकतात.

यांच्या मधोमध एक कडक प्लास्टिकचा अँकर आहे. त्या प्लास्टिकचं नाव ऐकून मला हसू आलं: पीक. नांगराला पीक आलं म्हणायचं! हा विरघळत नाही, एमआरआयत डाग पाडत नाही, आणि गरज पडली तर ड्रिलनं पोखरून काढता येतो. हाडाशी एकजीव मात्र होत नाही. सज्जन भाडेकरूसारखा राहतो.

आणि तिसऱ्या रकमेवाला, दोऱ्याचा. साधारण 2010 च्या आसपास हे बाजारात आले. यात कडक असं काही नाहीच. दोऱ्यांभोवती विणलेली एक मऊ नळी असते. बारीक, दीड ते तीन मिलिमीटरच्या भोकातून ती आत सरकवायची आणि दोरे ओढायचे. की नळी चुरगळून तिचा गोळा होतो आणि तो हाडाच्या वरच्या टणक कवचाखाली अडकतो. लेंग्याच्या नाडीची गाठ नेफ्यात अडकते तशी. फायदा उघड आहे: हाड फार कमी कोरावं लागतं, एकाच जागी दोन-तीन अँकर बसू शकतात, पुढे दुसरं ऑपरेशन सोपं जातं. पण सगळी भिस्त त्या वरच्या कवचावर. कवच पातळ असेल, किंवा बसवताना गोळा नीट घट्ट ओढला गेला नाही, तर तो मागाहून सरकतो. काहींत भोक रुंदावलेलंही दिसलं आहे. दंडाच्या हाडाचा हा भाग आतून ब्रेडसारखा सच्छिद्र असतो, आणि साठीनंतर, विशेषतः स्त्रियांत, अधिकच पोकळ. तिथं कोणता अँकर धरेल हे डॉक्टरला बसवतानाच हाताला कळतं.

पदार्थाइतकाच कोनही महत्त्वाचा, आणि हा भाग मला सर्वांत आवडला. टेक्सासमधले शल्यविशारद स्टीफन बर्कहार्ट यांनी 1995 साली एक निबंध लिहिला. त्यांच्या भागात लांबच लांब कुंपणं असतात. कोपऱ्यातला खांब तारांच्या ताणानं कलू नये म्हणून जमिनीत एक जड दगड पुरतात आणि खांब तारेनं त्याला बांधतात. ती तार जमिनीशी तिरकी असली की खांब टिकतो. बर्कहार्ट म्हणाले, खांद्यातला अँकरही असाच तिरका, पंचेचाळीस अंशांत किंवा त्याहून कमी कोनात बसवा. आता हे कळायला टेक्सासला जायची गरज नाही! आमच्याकडे उरुसाला मांडव घालणारी पोरं खुंटी कधीच सरळ ठोकत नाहीत, मांडवापासून उलट बाजूला कलती ठोकतात. पण गंमत पुढे आहे. नंतरच्या काही प्रयोगांत असं दिसलं, की आट्यांच्या अँकरला काटकोनातही चांगली, कधी अधिक चांगली पकड मिळते. दगड आणि स्क्रू यांचा स्वभाव वेगळा. उपमा किती ताणावी याचा धडा कवींना डॉक्टरांकडून मिळाला.

दोऱ्याचीही एक गोष्ट आहे. जखम शिवण्याचा इतिहास जुना आहे. सुश्रुतसंहितेत आतड्याची जखम मोठ्या मुंग्यांच्या जबड्यांनी मिटवण्याचा प्रकार येतो. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोव्याच्या अल् जहरावींनी जनावराच्या आतड्याच्या दोऱ्यानं शिवण्याचं लिहून ठेवलं. आज खांद्यात जो दोरा वापरतात तो एका फार चिवट पॉलिथिलीनचा, ज्याचे जहाजांचे दोर आणि गोळी अडवणारी जाकिटं होतात. तो तुटत नाही. अँकरही सहसा उपटत नाही. मग शिवण उसवते कुठे? दोरा आणि कंडरा जिथं भेटतात तिथं. साबणाची वडी दोऱ्यानं कापली जाते तसा हा पोलादी दोरा दुबळ्या कंडरेतून कापत जातो. आपण नांगर निवडत बसतो, आणि फाटतं ते शीड.

हे समजल्यावर त्या कागदाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. सेंट लुईसच्या डॉक्टरांनी 2004 साली एक अभ्यास छापला. मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेल्या 18 रुग्णांची त्यांनी वर्षभरानंतर सोनोग्राफी केली. 17 जणांची शिवण उसवलेली होती. आणि तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं, हात चालू लागला होता! त्यानंतर दुहेरी ओळीत अँकर लावण्याची पद्धत रुळली. त्यात मोठ्या फाटी अधिक टिकतात असं दिसतं, पण रुग्णाच्या रोजच्या हालचालीत एकेरी आणि दुहेरीचा फरक बहुतेक अभ्यासांत फारसा दिसत नाही. बिलात मात्र दिसतो, कारण दोनाच्या जागी चार अँकर येतात. म्हणजे अँकर कशाचा, यापेक्षा अँकर किती, हा प्रश्न खिशाला जास्त लागतो. 2017 साली ब्रिटनमधल्या 273 रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला: खांदा उघडून शिवा नाहीतर दुर्बिणीतून शिवा, दोन वर्षांनी निकाल सारखाच.

कंडरा जुळेल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. वय, फाट किती मोठी, किती जुनी. स्नायू फार दिवस बेकार राहिला की त्यात चरबी शिरते. 1994 साली फ्रान्सच्या गुतालिए यांनी तिच्या पायऱ्या ठरवून दिल्या. वरच्या पायरीवर गेलेला स्नायू शिवला तरी काम करत नाही. मग मधुमेह. आणि तंबाखू, सिगारेट. भायची विडी तीस वर्षांची. डॉक्टर म्हणाले, "चाचा, अँकर मी कुठलाही बसवतो. विडी तुम्हाला सोडावी लागेल." भाय म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे त्या कागदावर नव्हतं."

ऑपरेशन करायचंच का, हाही प्रश्न आम्ही विचारला. अमेरिकेतल्या चारशेहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात, इजा न होता झिजून फाटलेल्या खांद्यांना आधी व्यायाम दिला. दोन वर्षांत पाऊण लोकांना ऑपरेशनची गरज वाटली नाही. साठीनंतर कित्येकांची कंडरा फाटलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. भायनंही तीन महिने व्यायाम केला. दुखणं कमी झालं, जोर आला नाही. बसून काम करणाऱ्याला तेवढं पुरलं असतं. रंगाऱ्याला नाही पुरलं.

पैशांबद्दल एक शब्द. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या. त्या आदेशांत खांद्याचे अँकर नव्हते. 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पण मुळात किती छापायची, ते कंपनी ठरवते. माझं स्पष्ट मत आहे की, रुग्णाला कोऱ्या कागदावर तीन आकडे लिहून देणं पुरेसं नाही. अँकर कुठला, किती लागतील, छापील किंमत काय, आणि स्वस्त आणि महागात माझ्या या खांद्याला काय फरक पडेल, एवढं लिहून मिळायला हवं. हा भाजीचा सौदा नव्हे.

शेवटी आम्ही डॉक्टरांना सरळ विचारलं. ते तरुण होते, चिडले नाहीत. म्हणाले, फाट मध्यम आहे, हाड चांगलं आहे, एका ओळीत दोन अँकर पुरतील. दोऱ्याचा घेतला तर वाईट नाही, पण तुमच्या खांद्यात त्यानं निकाल बदलेल असं मी सांगू शकत नाही. मला टायटॅनियमची सवय आहे. भायनं विचारलं, "विमानतळावर वाजेल का?" डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशानं सहसा नाही वाजत." आमच्या पनवेलला आता विमानतळ आहे, तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता.

धातूचेच दोन अँकर बसले. जे पैसे वाचले ते फिजिओथेरपीला लागले, आणि तिथंही अपुरे पडले. कारण ऑपरेशन तास-दीड तासाचं, पण पुढचं सहा महिन्यांचं. सहा आठवडे हात झोळीत. त्या काळात दुसऱ्यानं हात हलवायचा, स्वतः उचलायचा नाही. मग हळूहळू स्वतः. जोराचे व्यायाम तीन महिन्यांनंतर. डोक्यावरचं काम पाच-सहा महिन्यांच्या आत नाही. रोजंदारीच्या माणसाला ही सुट्टी कोण देतं? तीन रकमांच्या कागदावर ही चौथी रक्कम नव्हती, आणि तीच सर्वांत मोठी होती. सहा महिने घर पुतण्यानं आणि भाभीच्या शिलाईनं चालवलं.

ज्यांच्या घरी असं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना एक छोटी गोष्ट सांगतो. प्रत्येक अँकरच्या वेष्टनात छापील चिकटचिठ्ठ्या येतात. त्यावर कंपनी, पदार्थ, आकार, लॉट क्रमांक, मुदत सगळं असतं. त्यातली एक केसपेपरवर चिकटवतात. तिची प्रत मागून घ्या आणि घरी ठेवा. दहा वर्षांनी कुठल्या दुसऱ्या डॉक्टरनं विचारलं, आत काय आहे, तर सांगता आलं पाहिजे. आणि बिलात अँकर चार आणि चिठ्ठ्या दोन असं झालं, तर तेही विचारता येतं.

भायच्या फाईलमध्ये तशा दोन चिठ्ठ्या आहेत. आता सात महिने झाले. हात कानापर्यंत जातो, थोडा उशिरा जातो. दारं, ग्रिल, भिंतीचा खालचा पट्टा ते स्वतः रंगवतात. शिडीवर पुतण्या चढतो, आणि छताचा कोपरा सुटला की भाय खालून सांगतात. विडी बंद आहे, निदान माझ्यासमोर तरी.